जवळचे सरकार, दूरचे सरकार : विश्वास ठेवावा तरी कोणावर?

मोहोपाड्याच्या बाजारपेठेत, रसायनीच्या कामगार वसाहतीत किंवा चौकच्या नाक्यावर 'सरकार' हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुंबईचे मंत्रालय नाहीतर दिल्लीची संसद उभी राहते. हाकेच्या अंतरावर असलेल्या ग्रामपंचायतीला कोणी 'सरकार' म्हणत नाही. ती केवळ 'पंचायत'. आपल्या मायबोलीत 'पंचायत होणे' याचा अर्थ अडचणीत सापडणे असा व्हावा, हीदेखील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वास्तविक भारताच्या राज्यघटनेने पंचायतीला 'स्वराज्य संस्था' हे मानाचे नाव दिले आहे. मग जे सरकार आपल्या सर्वांत जवळ आहे आणि ज्याच्या प्रमुखाला आपण नावानिशी ओळखतो, त्याच्याविषयी आपल्या मनात विश्वास किती, आणि ज्याचे दर्शन केवळ दूरचित्रवाणीवर घडते त्याच्याविषयी किती? या प्रश्नाचा थोडा सखोल विचार करावा, असे आम्हांला वाटते.

जगाकडे पाहिले तर या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. अमेरिकेत गॅलप ही संस्था १९७२ सालापासून नागरिकांना हा प्रश्न विचारीत आली आहे. तेथील सुमारे दोन तृतीयांश लोक आपल्या गावच्या वा शहरच्या कारभारावर भरवसा ठेवतात, राज्य सरकारांवरचा भरवसा त्याहून कमी आणि वॉशिंग्टनवरचा तर फारच कमी. चीनमध्ये नेमके उलटे आढळते. तेथील ग्रामीण जनता केंद्रीय सत्तेला सज्जन मानते आणि सगळा दोष स्थानिक अधिकाऱ्यांच्या माथी मारते, असे अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. 'राजा चांगला, पण कारभारी वाईट' ही समजूत आपल्याकडच्या लोककथांनाही अपरिचित नाही. जेथे माणूस आपल्या कारभाऱ्याला जाब विचारू शकतो तेथे जवळचे सरकार विश्वासाला पात्र ठरते, आणि जेथे जाब विचारण्याची सोय नसते तेथे तो दूरच्या सिंहासनाकडे आशेने पाहू लागतो. आपण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहोत.

उत्साह तर आपल्याकडे भरपूर आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातील हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा सुमारे ७९ टक्के मतदारांनी हक्क बजावला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हेच प्रमाण ६६ टक्के आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ६१ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे सत्ता जितकी जवळ तितकी मतदान केंद्रापुढची रांग लांब. परंतु मतदान संपले की हाच मतदार म्हणतो, "पंचायतीच्या हातात काय आहे?" हा उद्गार निव्वळ आळसातून येत नाही. त्यामागे अनुभव आहे.

एक गाव, अनेक दरवाजे

मोहोपाड्याचेच उदाहरण घेऊ. जनगणनेच्या नोंदीत 'मोहोपाडा ऊर्फ वासांबे' हे शहर आहे, कारण येथील वस्ती दाट आहे आणि बहुसंख्य लोकांचा चरितार्थ शेतीवर चालत नाही. परंतु त्याच नोंदींनुसार हे शहर ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिलेले. एक खाते ज्याला शहर म्हणते, त्याचा कचरा, गटारे आणि दिवाबत्ती यांचा भार दुसऱ्या कायद्यानुसार खेड्यासाठी बेतलेल्या यंत्रणेने वाहावयाचा. शेजारच्या पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील भूखंड, रस्ते व पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अखत्यारीत. सातबारा महसूल खात्याकडे, बंदोबस्त पोलिसांकडे. २०१३ साली 'नैना' क्षेत्र अधिसूचित झाले, तेव्हापासून कर्जत-खालापूरच्या काही गावांचे नियोजन सिडकोकडे गेले, आणि मुंबई महानगर प्रदेशाची सीमाही या बाजूस सरकत आली. एवढ्या दरवाजांपैकी कोणता आपला, हे सामान्य माणसाला कळणार तरी कसे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार आणि पोलीस ठाण्याचा अंमलदार हे स्थानिक स्वराज्याचे घटक नव्हेत. ते राज्य सरकारचे, गावात वा तालुक्यात बसलेले, प्रतिनिधी आहेत. त्यांची नेमणूक, बदली आणि चौकशी गावाच्या हाती नाही. तरीही त्यांच्या दारी एखाद्याला चार हेलपाटे घालावे लागले, की 'स्थानिक पातळीवर सगळे असेच' असा शेरा मारला जातो आणि त्याचा डाग पंचायतीलाही लागतो. २०२४ साली तलाठ्याचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाचे 'ग्रामपंचायत अधिकारी' असे झाले. पाट्या बदलल्या, परंतु कोण कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

या परिसराचे भाग्य ज्या निर्णयांनी घडले वा बिघडले, ते दूरवरच घेतले गेले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या केंद्र सरकारच्या कंपनीने रसायनीला तिची ओळख दिली. या कारखान्याभोवती पिढ्या वाढल्या, शाळा उभ्या राहिल्या, बाजार फुलला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने येथील तोट्यातील विभाग बंद करण्यास मान्यता दिली. अग्निबाणांच्या इंधनासाठी लागणारे रसायन बनविणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला आणि सुमारे ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्याचे ठरले. आर्थिकदृष्ट्या तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या पंचायतींच्या कुशीत हा कारखाना वाढला, त्यांना या निर्णयप्रक्रियेत कायद्याने कोणतेही स्थान नव्हते. निर्णय दिल्लीत झाला, आणि त्याने उलगडलेले संसार मात्र गावात राहिले.

पाण्याची कथाही अशीच बोलकी. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. स्वतःचे धरण असणे ही त्या शहराच्या दृष्टीने अभिमानाची बाब. परंतु धरणाच्या भोवतालच्या डोंगरांवरील वाड्यांतून माता-भगिनी उन्हाळ्यात हंडे घेऊन पायपीट करतात, तेव्हा त्यांच्या लेखी नवी मुंबईची 'स्थानिक' संस्था हीच दूरची सत्ता ठरते. जवळ आणि दूर हे अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. आपले म्हणणे जेथे ऐकले जाते ते जवळचे, आणि जेथे ते पोहोचतच नाही ते दूरचे.

श्रेय वर जाते, दोष खाली उतरतो

विश्वासाच्या या गणितात पैशाचा वाटा मोठा आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या वित्तव्यवस्थेविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील पंचायतींच्या एकूण उत्पन्नात त्यांनी स्वतः बसविलेल्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे, असे त्यातून दिसते. सुमारे ८० टक्के रक्कम केंद्राच्या अनुदानातून येते आणि १५ टक्के राज्याच्या. ज्या घराची मिळकत रुपयातील एका पैशापुरती आहे, त्या घराच्या कर्त्याला कोण मान देणार? कारखाने असलेल्या गावांची स्थिती काहीशी बरी असते हे खरे, परंतु तेथेही कराची आकारणी, थकबाकी आणि वाद यांतून पंचायतीची सुटका होत नाही.

दुसरीकडे, गेल्या दशकात शासकीय मदत थेट बँक खात्यात जमा होण्याची पद्धत रूढ झाली. मधली गळती थांबली, हा तिचा मोठा लाभ आहे आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २०२४ साली राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. दरमहा १५०० रुपये पात्र भगिनींच्या खात्यात जमा होऊ लागले. अर्ज भरून घेण्याचे कष्ट अंगणवाडी सेविकांनी व गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी उपसले. नाव मात्र योजनेच्या शीर्षकातच मुख्यमंत्रिपदाचे. ज्या बहिणीचा अर्ज नामंजूर झाला, ती जाब विचारायला मंत्रालयात गेली नाही, तर अंगणवाडीच्या दारी आली. पैसे देणारा हात वरचा आणि नकार सांगणारे तोंड खालचे, अशी ही विभागणी आहे. तुंबलेले गटार मात्र कोणत्याही खात्यात थेट जमा करता येत नाही. ते पंचायतीच्याच वाट्याला येते.

निवडणुकीवाचून गेलेली वर्षे

महाराष्ट्राने १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन केल्या, तेव्हा हे राज्य देशाला मार्गदर्शक ठरले होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार शाळा, आरोग्य, शेती आणि रस्ते अशी भरीव कामे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे सोपविली गेली. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे हे घटनात्मक बंधन झाले.

अशा राज्यात रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकाचा अंमल सुरू झाला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयीचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेचे बदल यांत वर्षे सरली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, आणि पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. जिल्हा परिषदेची पाळी त्याही नंतर, २०२६ साल उजाडल्यावर आली. मध्यंतरी, जानेवारी २०२५ मध्ये, रायगडच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी तिला स्थगिती मिळाली आणि कित्येक महिने तो तिढा सुटला नाही. ज्या जिल्ह्याला ना निवडून आलेली परिषद, ना पालकमंत्री, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने रस्त्यावरचा खड्डा कोणाला दाखवावा?

ही झाली मधल्या पातळीची स्थिती. खालच्या पातळीवरही नियम वरूनच बदलत राहिले. सरपंच थेट जनतेतून निवडावा, असे २०१७ साली ठरले. २०२० साली ते रद्द झाले आणि २०२२ साली पुन्हा लागू झाले. पाच वर्षांत तीनदा नियम बदलला, परंतु गावाने आपला प्रमुख कसा निवडावा हे गावाला कोणी विचारले नाही. विश्वास हा झाडासारखा असतो, वरचेवर उपटून मुळे तपासली तर ते रुजत नाही.

इर्शाळवाडीने विचारलेला प्रश्न

वाचकांपैकी काहींना हा सगळा ऊहापोह पुस्तकी वाटेल. परंतु आमच्या या तालुक्यात विश्वासाचा प्रश्न जीवन-मरणाचा ठरला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाच्या त्या वाडीतील सत्तावीस जणांचे मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा सत्तावन्न जण बेपत्ता होते. वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली.

त्या दुर्घटनेने दोन्ही पातळ्यांच्या मर्यादा उघड्या केल्या. दरडींचा धोका असलेल्या गावांची यादी वरच्या तज्ज्ञांनी बनविली होती, आणि तीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्यांचे ज्ञान त्या यादीपर्यंत पोहोचविणारी वाटच नव्हती. त्याच वेळी हेही खरे की, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांवाचून, आणि पावसात अंधारातून आधी वर चढलेल्या येथल्याच तरुणांवाचून ते काम झाले नसते. पुनर्वसनाच्या घरांचे काम सिडकोसारख्या मोठ्या संस्थेकडे सोपवावे लागले. एकट्या पंचायतीच्या बळावर ते होणारे नव्हते. दूरच्या सरकारपाशी साधने होती आणि जवळच्या लोकांपाशी माहिती होती. या दोहोंना जोडणारा पूल तेवढा नव्हता.

आता दर पावसाळ्यात डोंगरपायथ्याच्या वाड्यांना स्थलांतराच्या सूचना दिल्या जातात. अतिवृष्टीच्या रात्री एखादा कर्मचारी दारात येऊन 'घर सोडा' असे सांगतो, तेव्हा ती माउली गुरेढोरे, धान्य आणि भांडीकुंडी टाकून निघेल की नाही, हे कशावर ठरते? ते हवामान खात्याच्या आकड्यांवर ठरत नाही, तर सांगणाऱ्यावरील विश्वासावर ठरते. हा माणूस यापूर्वी कधी आला होता का, त्याने दिलेला शब्द पाळला होता का, आणि आपण परत येईपर्यंत आपले घर शाबूत राहील का, असे प्रश्न तिच्या मनात उठतात. विश्वास अशा रात्री अकस्मात निर्माण करता येत नाही. तो आधीच्या कोरड्या दिवसांत साठवावा लागतो.

जवळचे ते सारे चांगले, असेही नव्हे

तथापि ग्रामस्वराज्याचे भाबडे चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाही. महात्मा गांधींनी खेड्यात स्वराज्याचा पाया पाहिला, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या संकुचितपणावर आणि जातीयतेवर कठोर बोट ठेवले. दोघांचेही म्हणणे आजही ऐकण्याजोगे आहे. सरपंच ओळखीचा असतो, परंतु तो कोणाच्या ओळखीचा? भावकीच्या, वाड्याच्या की वाडीच्या? कर्जत-खालापुरातील कातकरी बांधव वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातील अनेक महिने गावाबाहेर असतात. त्यांच्यासाठी ग्रामसभेचे दार उघडे असूनही बंदच राहते.

येथे कायद्यातील एक उणीवही ध्यानी घ्यावी. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा 'पेसा' कायदा १९९६ साली झाला. परंतु महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात रायगड जिल्ह्याचा समावेश नाही. त्यामुळे शेजारच्या पालघर वा ठाणे जिल्ह्यातील पेसा गावांच्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत, ते आमच्या ठाकर-कातकरी वाड्यांना नाहीत. केंद्र सरकार कातकरींची गणना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत करते, तरीही त्यांच्या वाडीचा आवाज मोठ्या गावाच्या ग्रामसभेत मिसळून हरवून जातो. महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०११ साली घेतला, हे स्तुत्यच. परंतु खुर्चीवर पत्नी आणि कारभार पतीकडे, असे चित्र अनेक ठिकाणी अजून पुसले गेलेले नाही. म्हणून दुर्बलाला वरच्या सत्तेचे, न्यायालयाचे आणि कायद्याचे संरक्षण हवेच.

मग उपाय कोणता?

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत या प्रश्नाचा एक समतोल विचार आढळतो. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, जे कार्य लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. त्याच वेळी जेथे लहान समूहाची शक्ती अपुरी पडते तेथे त्याला साहाय्य करणे, हे मोठ्या सत्तेचे कर्तव्य होय. वरच्याने खालच्याला गिळू नये, आणि उघड्यावरही टाकू नये. आपल्या घटनेच्या चाळिसाव्या कलमाचा आशयही याहून फारसा वेगळा नाही, असे आम्हांला वाटते.

या तत्त्वानुसार काही मागण्या आपण सर्व धर्मांच्या व पक्षांच्या बांधवांनी मिळून कराव्यात. धोकादायक वाड्यांच्या यादीवर अंतिम शिक्कामोर्तब होण्यापूर्वी ती प्रत्येक वाडीत वाचून दाखवावी आणि तेथील वडीलधाऱ्यांचे म्हणणे नोंदवावे. गावाच्या हद्दीतील मोठ्या जमिनींचे व पाण्याचे निर्णय घेताना ग्रामसभेचे मत लेखी मागवावे. निवडणुकीचे वेळापत्रक कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे लांबणार नाही, अशी तजवीज कायद्यात असावी.

परंतु मागण्या करून आपले कर्तव्य संपत नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला महाविद्यालयाची बस गाठण्यासाठी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपण पंचायतीच्या सभागृहात पोहोचतो. तरीही कित्येक ठिकाणी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्याने मूठभर लोक गावाचा निर्णय करून मोकळे होतात. आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबे गेल्या वर्षभरात एका तरी ग्रामसभेला गेली? पंचायतीच्या जमाखर्चाचा कागद किती जणांनी मागितला? निवृत्त कामगार, शिक्षक आणि महाविद्यालयीन तरुण यांनी तो कागद वाचावयाचे ठरविले, आणि शेजारच्या वाडीतील दोन कुटुंबांना सोबत घेऊन सभेत बसावयाचे ठरविले, तर गावाचा कारभार बदलल्यावाचून राहणार नाही.

दूरच्या सरकारवरचा विश्वास बहुधा न तपासलेला असतो, म्हणून तो सहज वाढतो आणि सहज कोसळतो. जवळच्या सरकारवरचा विश्वास रोज तपासता येतो, म्हणून तो मिळविणे कठीण, परंतु एकदा मिळाला की टिकाऊ. पुढच्या पावसाळ्यात कोणा वाडीच्या दारावर मध्यरात्री थाप पडेल, तेव्हा आतून दार लगेच उघडावे, अशी आपली इच्छा असेल, तर त्याची तयारी येत्या ग्रामसभेपासूनच करावी लागेल.